बस अडवली त्याची हकीकत

परभणी
१२ जून २०२५

भाईजान,

पाकिटावरचं अक्षर तुम्ही ओळखलंच असेल. न वाचता ठेवलंत तर भाभी वाचेल, आणि मग ते तुमच्या कानावर येणारच. तेव्हा तुम्हीच वाचा. सहा महिने तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून कागद घेतला.

हिंमतराव तुमच्या टायरच्या दुकानावर येऊन गेला, हे मला कळलंय. त्या दिवशी रेल्वेगाडीच्या बदली ज्या बस आल्या, त्यांच्या ठेकेदाराचा हा सुपरवायझर. त्याच्या सगळ्या बसचे टायर नळदुर्गच्या हायवेवर तुमच्याकडंच बदलतात, हेही मला माहीत आहे. तो म्हणाला, ‘मुनवरभाई, तुमच्या बहिणीनं आमच्यावर तक्रार केलीय. तीस जुलैला धाराशिवला सुनावणी आहे. तुम्ही फक्त यायचं आणि सांगायचं, की ती लहानपणापासून हट्टी आणि भांडखोर आहे. सख्ख्या भावानं सांगितलं की विषय संपला.’ आणि तुम्ही म्हणालात, ‘बघतो.’

जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. जा. हट्टी आहे म्हणून सांगा, ते काही खोटं नाही. दोन वर्षांची असताना पोलिओनं पाय गेले आणि एक्केचाळिसाव्या वर्षी मी परगावी एकटी राहून सरकारी नोकरी करते. हट्टी नसते तर तुमच्या घरातल्या मागच्या खोलीत बसून तांदूळ निवडत असते. पण तुम्ही मोबाइलवर बघितलीत ती व्हिडिओची चाळीसच सेकंद. खाली कुणीतरी लिहिलंय, ‘बाईची दादागिरी’. त्या चाळीस सेकंदांच्या मागचं-पुढचं ऐका आणि मग सुनावणीला जा.

पाच डिसेंबरला सकाळी सहाला भाभीचा फोन आला. अम्मीला दम लागलाय, तोंडात पाणीपण जात नाही, निघून ये. मी सातला स्टेशनवर होते. परभणीला फलाटावरून आमच्या दिव्यांगांच्या डब्यात जायला लोखंडी उतार लावतात, त्यावरून मी खुर्चीसकट आत जाते. अंगाला कुणी हात लावत नाही. एवढं लक्षात ठेवा.

लातूरलाच गाडी दीड तास उशिरा आली. पुढं थांबत थांबत निघाली आणि ढोकीच्या अलीकडं एका छोट्या स्टेशनवर पावणेबाराला जी थांबली, ती थांबलीच. त्या गावाचं नाव लिहीत नाही, त्यांचा काही दोष नाही. पुढं रुळाचं काम निघालं होतं. गाडी इथंच संपली, उतरून घ्या, बस येतील, त्या धाराशिव आणि तिथून कुर्डुवाडीला नेतील, असं सांगण्यात आलं. स्टेशनमास्तर भले गृहस्थ होते. पार्सलं चढवायची जाड फळी त्यांनी स्वतः आणून लावली आणि मला खुर्चीसकट खाली घेतलं.

एक वाजता तीन बस आल्या. उंच, काचा बंद असलेल्या. दाराला तीन उभ्या पायऱ्या आणि दार इतकं अरुंद, की माझ्या खुर्चीचं एक चाकसुद्धा आत गेलं नसतं. लोक धावले. सामान, लेकरं, पिशव्या, सगळे भराभर चढले. मी हिंमतरावला विचारलं, ‘माझं काय?’ तो म्हणाला, ‘तुमचं तुम्ही बघा. मला दोनशे माणसं न्यायचीत.’

मी म्हणाले, ‘दोनशे एक. तिकीट माझ्याकडंपण आहे. एक बुटकी गाडी मागवा. टेम्पो मागवा, जीप मागवा, तुमचं तुम्ही ठरवा. तोवर या तीन जायच्या नाहीत.’

आणि खुर्ची पहिल्या बसच्या पुढं नेऊन दोन्ही चाकांचे ब्रेक लावले. तिथून पुढची चाळीस सेकंद तुम्ही बघितली आहेत.

त्यात मी ओरडताना दिसते. ओरडले. हळू बोललेलं एंजिनच्या आवाजात कुणाला ऐकू येत नव्हतं.

तुमची बहीण,
उम्मेहानी


परभणी
२६ जून २०२५

भाईजान,

भाभीचा फोन आला होता. तुम्ही पत्र दोनदा वाचलंत म्हणे. आणि म्हणालात, ‘अर्धंच लिहिलंय. उचलून बसमध्ये बसवायला माणसं तयार होती, ते कुठंय यात?’

बरोबर. ते मी लिहिलं नव्हतं. हिंमतरावानं तुम्हाला सांगितलंय, तर आता माझ्या तोंडून ऐका.

‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणायच्या आधी तो म्हणाला होता, ‘काही अडचण नाही ताई, दोन माणसं आहेत आमची, उचलून टाकतील आत.’ पोतं टाकावं तसं. ती दोन माणसं पुढंही आली होती. एकानं माझ्या काखेत हात घालायला हात पुढं केला. मी म्हणाले, ‘हात लावायचा नाही.’ त्यावर तो हसला. मग हिंमतराव चिडला आणि मग ते ‘तुमचं तुम्ही बघा.’

बसमधले लोक आधी कुरकुरले, मग शिव्या द्यायला लागले. त्यांचंही चुकत नव्हतं. सकाळपासून सगळेच उपाशी होते. एकजण खिडकीतून म्हणाला, ‘एका बाईपायी सगळ्यांचा खोळंबा. अशांनी प्रवास करावाच कशाला.’ मागच्या बसमधून एक बाई उतरून आल्या. साठीच्या, काष्टा घातलेल्या, डोक्यावर गठुडं. कस्तुराबाई. मूळच्या ईटच्या, पण ऊसतोडीला ढोकीच्या कारखान्यावर आलेल्या. लातूरला लेकीला भेटून परत निघाल्या होत्या. मला वाटलं, आता याही ऐकवणार. त्यांनी गठुडं माझ्या चाकाजवळ ठेवलं आणि त्यावर बसल्या.

‘तू काय ऐकू नगं कुणाचं,’ म्हणाल्या. ‘म्या बसते हितं. आता काढा म्हणावं दोघींला.’

मी म्हणाले, ‘तुमचं ढोकी तर पुढचंच स्टेशन आहे. तुम्ही जा.’

‘ढोकी कुठं पळून चाललीया व्हय?’

दोनला दहा मिनिटं असताना फोन वाजला. भाभी होती. अम्मी एक वाजून वीस मिनिटांनी गेली. साडेचारला, असरच्या नमाजनंतर दफन, लवकर ये, मय्यत थांबवता येणार नाही. मी बसच्या पुढ्यातच होते, भाईजान. व्हिडिओ काढणारानं तोवर मोबाइल खिशात ठेवला होता. मी फोन मांडीवर ठेवला. कस्तुराबाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, ‘कोण गेलं?’ मी म्हणाले, ‘आई.’ त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. शिव्या थांबल्या.

मग हिंमतराव परत आला. या वेळी आवाज नरम होता. मला वाटतं, त्या क्षणाला तो मनापासून बोलत होता. म्हणाला, ‘ताई, आता तरी ऐका. दोन मिनिटांचं काम आहे. आत बसा, आईचं तोंड दिसेल.’

ती दोन माणसं त्याच्या मागं उभी होती. मी त्यांच्या हातांकडं बघितलं. आणि दुसऱ्यांदा नाही म्हणाले.

हेच तुम्हाला माझ्या तोंडून ऐकायचं होतं ना? ऐकलंत. बसमध्ये बसले असते तर धाराशिवहून पुढची गाडी करून चारला नळदुर्गला पोचले असते. अम्मीचा चेहरा बघितला असता. मला हे त्या वेळी कळत होतं, नंतर कळलं असं नाही. तरी नाही म्हणाले. का, ते आज लिहीत नाही.

पण एक गोष्ट हिंमतरावानं तुम्हाला सांगितली नसणार. पहिल्या बसमधून एक म्हातारे गृहस्थ खाली आले, उत्तरेश्वर नाव. पाय सुजलेले, तोंड पिवळं. सोलापूरला डायलिसिसची त्यांची वेळ होती, ती टळून गेली होती. ते मला जा म्हणाले नाहीत. हात जोडून नुसते उभे राहिले. मी ब्रेक काढले आणि खुर्ची बाजूला घेतली. तिन्ही बस गेल्या. मला कुणी हटवलं नाही, भाईजान. मी वाट दिली. त्याचा व्हिडिओ कुणी काढला नाही.

कस्तुराबाई गेल्या नाहीत. उत्तरेश्वर पायरीवरून वळून बघत होते, पण त्यांना थांबणं शक्य नव्हतं. बाकी फलाट रिकामा झाला. स्टेशनमास्तरांनी गावात चार ठिकाणी फोन लावले. चार वाजता एक छोटा टेम्पो मिळाला, कारखान्याकडून मोकळा परत निघालेला. शिवलिंगप्पा नावाचा माणूस चालवत होता. मागचा फाळका पाडला, तीच पार्सलची फळी लावली आणि मी खुर्चीसकट वर गेले. पाच मिनिटं लागली. तीन तास ज्यासाठी भांडले, ते पाच मिनिटांचं काम होतं.

टेम्पोच्या हौद्यात कस्तुराबाईंनी नळदुर्गपर्यंत खुर्ची दोन्ही हातांनी धरून ठेवली. तुळजापूरच्या पुढं दिवस बुडाला, मगरिबची अजान ऐकू आली, तेव्हा मी घड्याळ बघणं सोडलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. अंगण धुतलेलं होतं. खाटेवर कुणी नव्हतं. तुम्ही दारात उभे होतात आणि मोहल्ल्याच्या देखत म्हणालात, ‘बस अडवायला वक्त होता, माँ के लिए नहीं था. आता काय बघायला आलीस? जा.’ तोवर व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोचला होता. मी पोचायच्या आधी.

मी शिवलिंगप्पाला ‘चला’ म्हणाले, कारण आणखी बोलले असते तर रडले असते. शिवलिंगप्पानं टेम्पो वळवला. परतीला कस्तुराबाई एवढंच म्हणाल्या, ‘रडायचं तर रड बाई. म्या धरलीया खुर्ची.’

सख्ख्या भावानं दारातून परत पाठवलं, आणि अनोळखी बाईनं खुर्ची धरली. हे मी विसरणार नाही. तुम्हीही विसरू नका.

उम्मेहानी


परभणी
९ जुलै २०२५

भाईजान,

दोन आठवडे झाले, भाभीचा फोन नाही. म्हणजे तुम्ही घरात बोलत नसणार. ठीक आहे. का नाही म्हणाले, ते आता लिहिते. थोडक्यात लिहिते, कारण सविस्तर लिहायची माझी तयारी नाही.

२०२२ च्या मार्चमध्ये मी अशीच घरी येत होते. अशीच गाडी मधेच संपली होती, अशीच उंच बस आली होती. कुठं, कुणाची, ते सोडा. तेव्हा मी हो म्हणाले. दोन माणसांनी उचललं. एकानं पाय धरले, एकानं काखेतून. दारात अडकले, तेव्हा त्यांनी मला तिथंच अर्धवट धरून ठेवलं आणि एकमेकांशी थट्टा केली. माझ्या ओढणीचा पदर खाली पडला, कपडे वर सरकले, आणि सगळी बस बघत होती. काखेतल्या माणसाचा हात काखेत राहिला नाही. मी त्याला हात काढ म्हणाले. तो म्हणाला, ‘मग टाकू का खाली?’

सीटवर ठेवल्यावर दोघांनी पैसेपण घेतले नाहीत. म्हणाले, ‘पुण्याचं काम आहे.’ आजूबाजूच्यांनी त्यांचं कौतुक केलं.

घरी आल्यावर मी तीन दिवस आंघोळीला पाणी जास्त घेत होते, तेव्हा अम्मीनं ओळखलं. तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग माझे केस विंचरता विंचरता म्हणाली, ‘फिरसे किसीकू हात नक्को लगाने दे. देर हुई तो होने दे.’

मी म्हणाले, ‘अम्मी, पोचलेच नाही तर?’

‘नक्को पहुंच.’

असं म्हणाली, भाईजान. माझ्या अम्मीनं, तुमच्या अम्मीनं. आणि म्हणाली, मुनवरला सांगू नकोस. तो एक तर त्या दोघांना शोधत फिरेल, नाहीतर तुझी नोकरी सोडायला लावेल. दोन्हीत नुकसान तुझंच.

म्हणून सांगितलं नाही. तीन वर्षं नाही, आणि त्या संध्याकाळी दारातही नाही.

पाच डिसेंबरला फलाटावर हिंमतराव म्हणाला, आईचं तोंड दिसेल. माझ्या आईनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, नको पोचूस. मी तिचं ऐकलं. तुम्ही म्हणता, मला तिच्यासाठी वक्त नव्हता. मी तिच्याच शब्दाला थांबले.

पस्तावा आहे का, विचाराल. आहे. रोज आहे. ऑफिसात जेवणाचा डबा उघडतानापण आहे. तिचा चेहरा शेवटचा कसा दिसत होता, हे मला भाभीला विचारावं लागतं. पण उद्या तीच बस, तीच माणसं आली, तर मी परत नाहीच म्हणेन. या दोन्ही गोष्टी माझ्यात एकाच वेळी आहेत. त्यातली एक खोटी ठरवायचा प्रयत्न मी सोडून दिलाय.

ही गोष्ट मी तक्रारीत लिहिलेली नाही. वकीलबाई निकितामॅडम म्हणाल्या, लिहिली तर केस बळकट होईल. मी नको म्हणाले. माझी बाजू बळकट करायला मला परत त्या बसच्या दारात लटकायचं नाही. तुम्हीही सुनावणीत हे बोलायचं नाही. हे तुमच्यासाठी आहे, कागदपत्रांसाठी नाही.

आता जा, आणि काय सांगायचं ते सांगा.

उम्मेहानी


परभणी
२ ऑगस्ट २०२५

भाईजान,

तुम्ही जबानी दिली आणि चपला घालून लगेच निघून गेलात. मी खुर्ची वळवेपर्यंत तुमची मोटारसायकल फाटकाबाहेर होती. म्हणून त्या दिवशीचं लिहून पाठवते. तुम्हाला तुमचं बोलणं आठवत असेल की नाही, माहीत नाही. रागात बोललेलं तुम्हाला कधी आठवत नाही.

तुमच्या आधी काय झालं, ते तुम्हाला कळलं नाही, कारण तुम्ही बाहेर लिंबाखाली बसला होतात, हिंमतरावच्या शेजारी. मी आत जाताना बघितलं. तो तुम्हाला चहा देत होता. खरं सांगते, त्या वेळी मी तुमची आशा सोडली होती.

आत ठेकेदाराच्या वकिलानं व्हिडिओ दाखवला. चारदा. म्हणाला, बाईंना मदत देऊ केली, ती त्यांनी नाकारली, आजारी माणसांचा खोळंबा केला. मग कस्तुराबाई उभ्या राहिल्या. त्या ईटहून पहिल्या एसटीनं आल्या होत्या. वकिलानं विचारलं, ‘तुम्ही या बाईंच्या कोण?’

‘कोणच न्हाय.’

‘मग साक्ष द्यायला इतक्या लांब कशाला आलात?’

‘म्या तिथं व्हते म्हणून. तुमी व्हता का?’

सुनावणी घेणाऱ्या अधिकारीसाहेबांनी खाली बघून पेन उचललं. कस्तुराबाईंनी सांगितलं, बाईनं वाट सोडली होती, त्या सुजलेल्या पायाच्या बाबासाठी सोडली होती, म्या बघितलंय. उत्तरेश्वरांना येणं झालं नाही, पण त्यांनी सहीनिशी तेच लिहून पाठवलं होतं. स्टेशनमास्तरांनी फळीचं सांगितलं.

मग तुम्हाला आत बोलावलं. पुढचं मी लेखनिकानं घेतलेल्या नोंदीवरून उतरवते. प्रत मागून घेतलीय.

वकील म्हणाला, ‘तुमची बहीण हट्टी आहे का?’

तुम्ही म्हणालात, ‘आहे. लहानपणापासून.’

‘भांडखोर?’

‘हां. माझ्याशी तर रोज भांडायची.’

‘त्या दिवशी तुमच्या आईचं निधन झालं होतं. त्यांना उचलून बसमध्ये बसवायची तयारी आमच्या माणसांनी दाखवली. त्यांनी नकार दिला. हे तुम्हाला माहीत आहे?’

‘माहीत आहे.’

‘म्हणजे त्यांच्याच हट्टामुळं त्या पोचल्या नाहीत.’

इथं नोंदीत लिहिलंय, ‘साक्षीदार थोडा वेळ थांबला.’ मी बघत होते. तुम्ही माझ्याकडं बघत नव्हतात. तुम्ही टेबलावरच्या त्या लॅपटॉपकडं बघत होतात, ज्यावर मी तोंड उघडून थिजलेली होते.

मग तुम्ही म्हणालात, ‘साहेब, त्या दिवशी मी माझ्या आईला खांदा दिला. जनाजा उचलायच्या आधी इमामसाहेबांनी मला विचारलं, मुनवर, इजाजत आहे का? मी हां म्हणालो, तेव्हा चार माणसं पुढं आली. मेलेल्या बाईला उचलतानासुद्धा आमच्यात विचारतात. माझी बहीण तर जिवंत होती.’

वकील म्हणाला, ‘आम्हीपण विचारलंच होतं की.’

‘विचारलंत. ती नाही म्हणाली. मग उत्तर ऐकायचं नव्हतं तर विचारलं कशाला?’

नोंद इथं संपते. त्यानंतर तुम्ही आणखी एक वाक्य बोललात, ते लेखनिकानं घेतलं नाही, कारण ते तुम्ही दाराकडं जाताना हिंमतरावला म्हणालात. ‘तुझे टायर दुसरीकडं बघ.’ ते मी ऐकलं.

ती गोष्ट तुम्ही आत बोलला नाहीत. मी बोलू नका म्हणाले होते, तुम्ही बोलला नाहीत. याचा अर्थ तिन्ही पत्रं तुम्ही शेवटपर्यंत वाचलीत.

भाभी म्हणते, तेव्हापासून त्या ठेकेदाराची एकही बस दुकानापुढं थांबत नाही. मी त्याबद्दल शुक्रिया म्हणणार नाही. तुम्ही मला माफ केलंत, असंही धरणार नाही. मी माफी मागितलेलीच नाही. मोहल्ल्याच्या देखत तुम्ही जे बोललात, त्याचं माझं तुमच्याकडं अजून बाकी आहे. त्या दालनात मी मान वर करून बसले, ते काही पहिल्यांदा नाही, मी रोजच तशी बसते. त्या दिवशी फक्त मान दुखली नाही.

उम्मेहानी


लातूर स्टेशन, गाडीत
१९ सप्टेंबर २०२५

भाईजान,

हे पत्र पोस्टात टाकायचं की हातात द्यायचं, ते अजून ठरलेलं नाही. गाडी थांबलीय, वेळ आहे, म्हणून लिहिते.

निकाल परवा आला. यापुढं या पट्ट्यात गाडीच्या बदली बस पाठवायच्या असतील, तर त्यातली एक खुर्चीसकट चढता येईल अशी हवी. ती येईपर्यंत दिव्यांग प्रवाशाला फलाटावर एकटं सोडून जायचं नाही. आणि प्रवाशाच्या संमतीशिवाय अंगाला हात लावायचा नाही. शेवटची ओळ मी निकितामॅडमना तीनदा वाचायला लावली. ठेकेदार वर अपील करणार आहे. करू दे. मला रजा शिल्लक आहेत.

कस्तुराबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मंग आता बस येती का बघाया पायजे की.’ त्यांचं बरोबर आहे. कागदावर आलं म्हणजे रस्त्यावर आलं, असं नसतं. म्हणून मी आज निघाले. खरं तर निघायला दुसरंही कारण आहे. नऊ महिने झाले, मी अम्मीच्या खोलीत गेलेली नाही. कबरीपाशी बायकांना नेत नाहीत, ते मला माहीत आहे. खोलीत जायला कुणाची परवानगी लागत नाही. ते माझंही घर आहे, आणि मी येणार आहे, हे भाभीला कळवलंय. तुम्हाला विचारलेलं नाही.

आत्ताच डब्याशी येऊन एकानं सांगितलं, पुढं परत रुळाचं काम आहे, ढोकीच्या अलीकडं उतरावं लागेल, बस येतील. माझ्या समोरच्या सीटवर एक आंधळे गृहस्थ आहेत, बंडप्पा. संगीत शिकवतात. त्यांनी विचारलं, ‘बाई, बस कशी असेल?’ मी म्हणाले, ‘माहीत नाही. निकालाची प्रत माझ्या पिशवीत आहे.’ ते म्हणाले, ‘मग मला तुमच्या बाजूला उभं करा. मोठ्यानं बोलायचं काम माझ्याकडं.’

फोन वाजला म्हणून मधे थांबले होते.

तुमचा मेसेज आहे. सलाम नाही, नाव नाही. दोनच शब्द, ‘कुठवर आलीस?’

बंडप्पांनी विचारलं, काय झालं. मी म्हणाले, भावानं विचारलंय, कुठवर आले.

तुम्हाला फोनवर उत्तर पाठवलंय, पण ते घाईत लिहिलं. नीट इथं लिहिते. अजून लातूरलाच आहे. दीड तास उशीर आहे, आणखी होईल. पुढं बस आहे म्हणतात. खुर्चीसकट चढता आलं तर चढेन. नाही आलं तर परत पुढ्यात जाऊन ब्रेक लावेन, आणि या वेळी आम्ही दोघं असू. जेवायला माझ्यासाठी थांबू नका, तुम्हाला भूक सहन होत नाही. संध्याकाळ होईल, कदाचित उद्याची सकाळ होईल. पण मी येणार आहे.

गाडी हलली.

उम्मेहानी